वीज कोणावर पडते?



सुट्टीत नातू पुण्याहून आला तो शाळेचं एक काम घेऊनच आला. ‘जवळच्या एका गावाची माहिती लिहा.’ ज्याचे आजी-आजोबा नगरला राहतात त्याला गाव शोधायला लांब जावं लागत नाही. हिवरे बाजार इथून पश्चिमेला सोळा-सतरा किलोमीटर. एका रविवारी सकाळी नवकारशी पाळून आम्ही पाचही जण गाडीत बसलो. गाव बघायला निघालेला मुलगा मात्र खिडकीबाहेर बघायला तयार नाही. मान खाली, हातात वडिलांचा जुना मोबाइल आणि सारखी एकच ओरड, “आजी, परत हिच्यावरच पडली!”

काय पडलं म्हणून मी चष्मा लावून बघितलं. खेळात याच्या बाजूने चौघं रांगेत उभे. सगळ्यात पुढे एक वैद्यीण, मग तलवारवाला, मग एक चोर, शेवटी दाढीवाला जादूगार. समोर राक्षसांची टोळी. त्यांच्यातला मांत्रिक काहीतरी पुटपुटतो आणि वीज कोसळते. कोणावर? खेळाच्या माहितीत लिहिलं होतं, ‘चौघांपैकी कोणाही एकावर’. मारामारीचे खेळ मला आवडत नाहीत हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे, म्हणून त्याने आधीच सांगून टाकलं, “आजी, यात कोणी मरत नाही, नुसतं पडतं.” पडलेल्यांना उठवायचं काम वैद्यिणीचं, आणि नेमकी तीच दर वेळी आडवी.

मग तो मोबाइल मांडीवर टाकून म्हणाला, “जाऊ दे. माझं नशीबच खराब आहे.”

दहा वर्षांचं पोर आणि हे वाक्य! आमच्या घरात हे वाक्य मी आधी फार ऐकलं आहे, ते पुढे सांगते. त्या वेळी मी एवढंच केलं की पर्समधली वाणसामानाची वही काढली आणि कोऱ्या पानावर चार रकाने आखले. बी.कॉम. होऊन चाळीसहून जास्त वर्षं झाली. सांख्यिकीतलं बाकी सगळं विसरले, पण रडण्याआधी मोजावं एवढं लक्षात आहे. “तू खेळ,” म्हटलं, “मी खुणा करते.”

गाव येईपर्यंत चाळीस विजा पडल्या. वैद्यिणीवर २१, तलवारवाल्यावर १०, चोरावर ५, जादूगारावर ४.

आकडे बघून मी गप्प झाले. वर्षअखेरीला रोकड जुळली नाही की दुकानात व्हायचे तशी. चौघांत सारखं वाटलं तर प्रत्येकाला दहा-दहा. थोडं इकडेतिकडे होणारच, पण २१ आणि ४? मुलगा गाडी चालवत होता, तो कॉम्प्युटरच्या कामातला. आरशातून माझी वही बघत तो हसला. “आई, हे नशीब नाही, ही रांग आहे. एका डब्यात आठ चिठ्ठ्या आहेत असं समज. चार पहिल्या जागेच्या, दोन दुसऱ्या जागेच्या, एकेक तिसऱ्या-चौथ्याची. मांत्रिक चिठ्ठी उचलतो ती न बघताच, पण डब्यात चिठ्ठ्याच अशा घातल्यात.”

म्हणजे वीज वैद्यिणीला शोधत नव्हती. पहिल्या जागेला शोधत होती. त्या जागेवर तिला उभी कोणी केली? नातवानेच, कारण ती त्याची सगळ्यात आवडती.

ही पद्धत जुनी आहे म्हणे. १९८७ च्या डिसेंबरात जपानमध्ये ‘फायनल फँटसी’ नावाचा खेळ बाजारात आला. तो फार गाजला आणि अशा खेळांचं एक घराणंच त्याच्यापासून पुढे चाललं. त्याचा संगणकीय भाग लिहिणारे नासिर गेबेली मूळचे इराणचे, अमेरिकेत राहिलेले आणि जपानी कंपनीसाठी काम करणारे. त्या खेळात चौघांच्या रांगेवर शत्रूचा घाव पडायचा तो असाच: पहिल्यावर आठात चार वेळा, दुसऱ्यावर दोन वेळा, शेवटच्या दोघांवर एकेकदा. त्यामागे विचार होता. अंगात चिलखत असलेल्याने पुढे राहावं, नाजूक प्रकृतीच्याने मागे. ज्यांना कळलं त्यांनी रांग बदलली, ज्यांना नाही कळलं ते देवाला बोल लावत बसले.

हा झाला मुद्दाम ठेवलेला उतार. दुसरा एक उतार हिशेबात नकळत राहून जातो, आणि मला खरी गंमत त्याची वाटली. त्या काळच्या यंत्राला ० पासून २५५ पर्यंत, म्हणजे २५६ आकडे येत. त्यातला एक आकडा उचलायचा आणि समोर जितके लोक असतील तितक्यांत वाटायचा. चार असतील तर ६४-६४, हिशेब चोख. पण तिघंच उरले तर? २५६ ला ३ ने भागलं की प्रत्येकी ८५ आणि बाकी १. ती बाकी कोणाला? पहिल्याला. त्याला ८६, बाकीच्यांना ८५. हा फरक एवढा बारीक की कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण यंत्राने ० ते ७ एवढेच आकडे वापरले तर तीन, तीन, दोन असे वाटे पडतात, आणि मग शेवटचा चांगलाच वाचतो. भागाकारातली बाकी कुठेतरी जाते. पैशाचा हिशेब लिहिणाऱ्या कोणालाही हे सांगावं लागत नाही.

आणि तिसरा प्रकार तर मुलाने सांगितला तेव्हा माझ्या अंगावर काटाच आला. चार जागांना सारखा वाटा आहे. दुसऱ्या जागेवरचा आधीच पडलेला आहे. नवखा माणूस खेळ लिहिताना काय करतो, चारांतला एक आकडा काढतो, आणि आकडा पडलेल्याचा निघाला तर ‘पुढचा घे’ म्हणतो. सरळ वाटतं ना? पण मग दुसऱ्याचा वाटा तिसऱ्याच्या डोक्यावर येतो. पहिल्याला पाव, चौथ्याला पाव आणि तिसऱ्याला एकट्याला अर्धा. त्याचा गुन्हा एवढाच की तो पडलेल्याच्या शेजारी उभा आहे.

हे काही मोबाइलबरोबर आलेलं नाही. पूर्वी पर्युषणात ज्ञानबाजीचा पट मांडत. आजच्या सापशिडीचं जुनं रूप. जैनांचे पट बहुतेक चौऱ्याऐंशी घरांचे, खाली नरक, वर सिद्धशिला. फासा म्हणून कवड्या. सहा कवड्या टाकल्या तर किती उताण्या पडतील? मनात येतं की शून्य ते सहा, काहीही पडेल, सगळं सारखंच. नाही. प्रत्येक कवडी दोन्ही अंगांवर सारखी पडते असं धरलं, तर एकूण ६४ तऱ्हा. त्यांतल्या २० तऱ्हांनी तीन उताण्या पडतात आणि सहाच्या सहा उताण्या पडायची एकच तऱ्हा. म्हणजे पटावरची काही घरं वारंवार लागणार आणि काही क्वचित. शिवाय कवडी काही नाणं नव्हे. तिची पाठ फुगीर, पोट चपटं, एक अंग तिला जवळचं असतंच. पटावर आपण सापाच्या तोंडी गेलो की सगळे म्हणायचे, पाप आडवं आलं. पट मांडणाऱ्यालाही तेच शिकवायचं होतं म्हणा. पण कवडीला आपलं पाप कुठे ठाऊक!

आपल्या भिशीचं घ्या. बारा जणींच्या चिठ्ठ्या. आम्ही त्या यादीच्या क्रमाने लिहायचो, घडी घालायचो आणि स्टीलच्या डब्यात टाकायचो. डबा दोनदा हलवला की झालं. जिची चिठ्ठी शेवटी पडली ती वरच राहायची, आणि हात घालणारं लहान मूल वरचीच उचलायचं. आमच्या भिशीत एकीचा नंबर नेहमी सुरुवातीलाच लागायचा आणि बाकीच्या कुरकुरायच्या, “तिचं पुण्यच मोठं.” तिचं आडनाव यादीत शेवटचं होतं.

हसू नका, हीच चूक अमेरिकेच्या सरकारने केली, आणि भिशीसाठी नाही, लढाईसाठी. व्हिएतनामच्या युद्धात कोणत्या तरुणांना आधी बोलवायचं हे ठरवायला १ डिसेंबर १९६९ ला सोडत काढली. वर्षाच्या ३६६ तारखा, प्रत्येक तारीख एका प्लास्टिकच्या कुपीत. ज्या तारखेची कुपी आधी निघेल त्या दिवशी जन्मलेली मुलं आधी जाणार. कुप्या महिन्यांच्या क्रमाने भरल्या होत्या, जानेवारी आधी, डिसेंबर शेवटी, आणि नीट ढवळल्या गेल्या नाहीत. निकाल लागल्यावर आकडेवाल्यांनी बेरजा मांडल्या तर वर्षाच्या शेवटच्या महिन्यांत जन्मलेल्यांचे नंबर सरासरीने लवकर लागलेले, आणि सगळ्यात लवकर डिसेंबरवाल्यांचे. एखाद्या आईने आपलं पोर नाताळाच्या सुमारास झालं म्हणून केवढा आनंद केला असेल. पुढच्या वर्षी, १९७० साली, त्यांनी पद्धत बदलली: एका पिंपात तारखा, दुसऱ्यात क्रमांक, दोन्हींतून एकेक काढायचं. म्हणजे चूक मान्य केली. पण आधीच्या वर्षी ज्यांचे नंबर लागले होते त्यांचे लागलेच.

आपल्याकडे सरपंचपदाचं आरक्षण ठरवायची सोडत निघते तेव्हाही चिठ्ठी लहान मुलाच्या हातून उचलतात. ही रीत किती जुनी असावी! तमिळनाडूत उत्तरमेरूर गावाच्या मंदिराच्या भिंतीवर दहाव्या शतकातल्या चोळ राजाच्या वेळचा लेख आहे. गावसभेच्या माणसांची नावं ताडपत्रांवर लिहून घड्यात घालायची, ढवळायची आणि एका अजाण मुलाकडून काढायची, असं त्यात बारकाईने लिहिलेलं आहे. अकराशे वर्षांपूर्वीच्या त्या लोकांनी मुलगा निष्पाप हवा हे लिहिलं, आणि घडा ढवळायचा हेही लिहिलं. ते दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

एवढं होईतो हिवरे बाजार आलं.

या गावाची आणि माझी ओळख जुनी, पण गाव न बघता झालेली. लग्न होऊन मी १९८१ साली नगरला आले. आडते बाजारात आमचं भुसार मालाचं दुकान. सून बी.कॉम. आहे म्हटल्यावर सासऱ्यांनी सहा महिन्यांत खतावणी माझ्या हातात दिली. पश्चिमेकडच्या डोंगरपट्ट्यातल्या गावांची खाती त्या खतावणीत एका ठरावीक रंगात दिसायची, म्हणजे येणे बाकीच बाकी. माणसं बाजरी, ज्वारी उधार न्यायची, त्यातले कितीतरी मग मजुरीला बाहेरगावी जायचे. एक म्हातारे शेतकरी यायचे. ते एकदा म्हणाले होते, “वहिनी, पाऊस आमच्या डोंगरावर पडतो आणि आमच्या डोळ्यांदेखत खाली निघून जातो. दुसऱ्याच्या नशिबाचा पाऊस आमच्या माथ्यावर पडतो.” सासरे मान हलवून म्हणाले, “ज्याचं त्याचं कर्म.” मी खाली मान घालून आकडा पुढच्या पानावर ओढला. माझंही मत तेव्हा तेच होतं.

हिवरे बाजारला वर्षाचा पाऊस साडेतीनशे-चारशे मिलिमीटरच्या आसपास. पर्जन्यछायेचा प्रदेश. १९७२ च्या दुष्काळाने गाव मोडलं. झाडं गेली, डोंगर उघडे पडले, दारू आणि भांडणं वाढली, आणि पडेल तो पाऊस माती घेऊन वाहून जायचा. १९८९-९० च्या सुमारास पोपटराव पवार सरपंच झाले. ते एम.कॉम. आहेत हे मी घरात जरा मोठ्याने सांगते, वाणिज्य शाखेची तेवढीच शान! क्रिकेटचं वेड असलेला हा शिकलेला तरुण गावात राहिला. पुढे १९९४ साली गाव आदर्श गाव योजनेत आलं. २०२० साली त्यांना पद्मश्री मिळाली, वगैरे सगळं नातवाने लिहून घेतलंच.

मला तिथे एकच गोष्ट बघायची होती आणि ती मी बघितली. डोंगराच्या अंगावर आडव्या रेघा ओढल्यासारखे चर. समपातळी चर म्हणतात. काम केलं ते माथा ते पायथा, या क्रमाने. आधी माथ्यावर पाणी अडवायचं, मग उतारावर, मग नाल्यात बांध, शेवटी खालचे तलाव. खालून सुरुवात केली तर वरचं पाणी माती घेऊन येतं आणि खालचं काम गाळाने भरून जातं. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याच्या वेळी पाऊस पडत होता तेवढाच आजही पडतो, एखाद्या वर्षी कमी. ढग बदलले नाहीत. पाणी कुठे थांबावं याची रांग बदलली. चराई बंद, झाडं तोडायची नाहीत, सगळ्यांनी श्रमदान करायचं, हे नियम लोकांनी स्वतःवर घातले आणि पाळले.

दुसरी गोष्ट बोअरची. आपल्या जिल्ह्यात बोअर घेणं म्हणजे फासा टाकणंच असतं. एकाला दोनशे फुटांवर लागतं, शेजारच्याला पाचशे फुटांवरही धूळ. आणि ज्याची नळी सगळ्यात खोल, तो शेजाऱ्याचंही ओढतो, वर म्हणतो माझं नशीब. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचीच नाही असं ठरवलं. ऊस-केळीसारखी पाणी पिणारी पिकंही नाहीत. पावसाळा संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. किती पाऊस झाला, किती पाणी मुरलं, त्यातून आधी माणसांना आणि जनावरांना प्यायला किती, उरलं त्यात कोणती पिकं आणि किती. पाऊस कमी तर रब्बीचा पेरा कमी. जमा आणि खर्च! फलकासमोर मी इतका वेळ उभी राहिले की यांना वाटलं मला चक्कर आली.

पाऊस किती पडावा हे गावाच्या हातात नाही, पण पडलेला कोणाच्या वाट्याला जातो ते बरंचसं आहे. आपल्या शास्त्रात कोणत्याही घटनेची पाच कारणं सांगितली आहेत, पाच समवाय: काळ, स्वभाव, नियती, पूर्वकर्म आणि पुरुषार्थ. आचार्य सिद्धसेनांनी तर ‘सन्मतितर्का’त बजावलं आहे की यातलं एकच धरून बसणं हे मिथ्यात्व. कर्म पाचांतलं एक आहे. आम्ही मात्र घरोघरी पाचही खाती बंद करून सगळी रक्कम एकाच खात्यात टाकत आलो. मीही. आणि त्या झाडाखाली डबा उघडताना मला माझ्या सासूबाई आठवल्या, त्या काही केल्या मनातून जाईनात.

त्यांना आम्ही सगळे ‘बाई’ म्हणायचो. १९९४ चा चातुर्मास. गल्लीच्या तोंडाशी स्थानक आणि आमचं घर गल्लीच्या दुसऱ्या टोकाला, शेवटचं. मधे जैनांची दहा घरं. महासतीजींची गोचरी कशी होते ते तुम्हाला सांगायला नको, पण नव्या पिढीसाठी लिहिते. साधूंना जेवायला या असं आमंत्रण देता येत नाही. त्यांच्यासाठी म्हणून केलेलं त्यांना चालत नाही. आपण आपला स्वयंपाक करायचा, घर सूझतं ठेवायचं आणि भावना भावायची की आज पावलं आपल्या दाराशी यावीत. गाय जशी इथलं चार घास, तिथलं चार घास खाते तसं थोडंथोडं घेत त्या जातात. पात्रं भरली की परत.

बाई रोज साडेदहाला दारात उभ्या राहत. गुडघे सुजलेले, तरी पाटावर बसत नसत. कच्चं पाणी बाजूला, भाजी बाजूला, पोरांना दम की महासतीजी दिसल्या की दिव्याच्या बटणाला हात लावायचा नाही. गल्लीच्या तोंडाशी पांढरी वस्त्रं दिसत, पहिल्या घरात जात, दुसऱ्या, चौथ्या, आणि मग वळत. चार महिन्यांत आमच्या दारी पावलं आली दोनदा. पहिल्या तीन-चार घरांत तर एक दिवसाआड.

बाईंनी ते अंतराय कर्मावर लिहून टाकलं. मागच्या कोणत्या तरी जन्मी मी कोणाच्या दानात आड आले असेन, म्हणायच्या. ते कर्म झडावं म्हणून त्यांनी आयंबिलं केली. मधुमेह असताना, डॉक्टर नको म्हणत असताना. एकदा रात्री पाय चेपताना मला म्हणाल्या, “सूनबाई, माझ्यामुळे तुझ्या घराला अंतराय लागलाय. माझ्या पाठीमागे येतील बघ.” मी म्हटलं असं काही नसतं बाई. पण तसं नसतं तर कसं असतं, ते काही मला सांगता आलं नाही.

पुढच्या फाल्गुनात त्या गेल्या.

आज मला ठाऊक आहे की आगमात या गोष्टीचा विचार झालेला आहे. उत्तराध्ययन सूत्राच्या तिसाव्या अध्ययनात गोचरीला जायच्या सहा तऱ्हा दिल्या आहेत. पेटीसारखी चौकोनी फेरी, अर्ध्या पेटीसारखी, चालत्या बैलाच्या मूत्राच्या रेघेसारखी नागमोडी, शंखाच्या वेटोळ्यासारखी, सरळ शेवटापर्यंत जाऊन परत येणारी. आणि एक पतंगवीथिका: पतंग म्हणजे पाखरू जसं कुठून उडतं, मधली जागा सोडून कुठे बसतं, त्याचा नेम नाही, तसं. हे सगळं तपाच्या प्रकरणात येतं, घेणाऱ्याने आपल्यावर घालून घ्यायची बंधनं म्हणून. पण मला देणाऱ्याच्या बाजूने दिसतं. रोज एकाच टोकाने सुरुवात केली तर गल्लीत एक घर कायमचं पहिलं आणि एक कायमचं शेवटचं होतं. ज्यांनी पतंगाची चाल लिहून ठेवली त्यांनी हे पाहिलं असणार. त्या वर्षीच्या महासतीजींना मी दोष देत नाही. त्यातल्या मोठ्या वयाने थकलेल्या होत्या, पात्रं लवकर भरत, ऊन असे. त्यांच्या मनातही नसेल की शेवटच्या दारात कोणी मोजतंय.

मोजत होते मी. हिवऱ्याहून आल्यावर संध्याकाळचं प्रतिक्रमण झालं आणि मी माळ्यावरची पेटी काढली. घरखर्चाच्या वह्या मी टाकलेल्या नाहीत, यावरून सगळे मला हसतात. १९९४ ची मिळाली. ज्या दिवशी गोचरीचा लाभ झाला त्या तारखेपुढे मी छोटं स्वस्तिक काढलेलं असायचं. भाद्रपदातल्या पानांवर दोनच, तीन दिवसांच्या अंतराने. दुसऱ्या स्वस्तिकाखाली बाईंनी सांगून लिहवून घेतलेलं वाक्य: ‘आयंबिलाचं फळ मिळालं.’

नातू माझ्या खांद्यावरून वाकून वाचत होता. त्याने वैद्यिणीला एव्हाना रांगेत शेवटी नेऊन ठेवलं होतं आणि तलवारवाल्याला पुढे, आणि परतीच्या वाटेवर एकदाही ओरडला नव्हता. त्याने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. “आजी, हे काय लिहिलंय?”

त्याच आठवड्याची, खर्चाच्या रकान्यातली माझीच नोंद होती ती. पाण्याच्या टँकरचे पैसे. पुढे कारण: ‘नळाच्या कामासाठी गल्लीचं तोंड खणलं आहे, पाच दिवस येणं-जाणं मागच्या बाजूने.’